बसरूरची सागरी स्वारी : गलबते, वारा आणि माणसे

आपले ईट गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, बालाघाटच्या परिसरात वसलेले. येथील माणसास पाणी ठाऊक असते ते विहिरीचे, ओढ्याचे आणि आभाळातून वेळेवर पडले तर पडणारे. अशा गावच्या माणसाने सागरी प्रवासावर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आपल्याच धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर नगर, याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आढळतो. तो ग्रंथ मुळात समुद्रमार्गाने जाणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी लिहिलेला होय. तगरचे कापड गाड्यांत भरून बिकट वाटेने भडोचला जाई आणि तेथील बंदरात जहाजांवर चढे, असे त्यात सांगितले आहे. तेव्हा घाटावरच्या माणसाचा समुद्राशी संबंधच नाही, असे मानण्याचे कारण नाही. मात्र घाटावरच्या माणसाला समुद्रावर जावयाचे तर दुसऱ्याच्या हातातील सुकाणूवर विश्वास ठेवावा लागतो. या विश्वासाची एक मोठी कथा येथे सांगावयाची आहे.

८ फेब्रुवारी १६६५ रोजी छत्रपती शिवाजी महाराज मालवणहून समुद्रमार्गे दक्षिणेकडे निघाले. त्यांच्याबरोबर पंच्याऐंशी लहान लढाऊ गलबते आणि तीन मोठी जहाजे होती. लक्ष्य होते बेदनूरच्या राज्यातील बसरूर हे संपन्न बंदर. ते आज कर्नाटकातील उडुपी जिल्ह्यात येते. मालवणपासून सरळ रेषेत मोजले तरी हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर भरते. स्वारीत काय मिळाले याची वर्णने आपण पुष्कळ वाचतो. ती निघण्यापूर्वी काय काय जुळवावे लागले असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रथम गलबतांचा विचार करू. कल्याण व भिवंडी हाती आल्यावर १६५९ च्या सुमारास महाराजांनी त्या खाड्यांत जहाजबांधणी सुरू केली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आरंभी होता. पुढे पोर्तुगीजांना या आरमाराचे भय वाटू लागले आणि त्यांची माणसे काम सोडून गेली. तरीही काम थांबले नाही. मोठी गुराबे थोडी आणि हलकी गलबते पुष्कळ, अशी या आरमाराची ठेवण होती. गलबतास शीड असे आणि वल्हीही असत. वारा पडला तरी ते चाले, आणि उथळ खाडीत शिरू शके. किनाऱ्याकिनाऱ्याने लांबचा पल्ला गाठावयाचा, तर याहून सोयीचे वाहन त्या काळी नव्हते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत ही स्वारी निघाली. म्हणजे दुर्गाचे काम चालू असतानाच त्याच्या सावलीत आरमार गोळा होत होते.

दुसरी गोष्ट वेळेची. शेतकऱ्यास वाफसा पाहून पेरावे लागते. दोन दिवस आधी नाही आणि चार दिवस उशिराही नाही. दर्यावर्दी माणसाचे तसेच आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर गलबत बाहेर काढणे म्हणजे मृत्यूस बोलावणे. म्हणून नारळी पौर्णिमेनंतर समुद्र शांत होऊ लागला म्हणजेच होड्या पाण्यात लोटतात. माघ-फाल्गुनाच्या दिवसांत आभाळ निरभ्र असते. रात्री व पहाटे जमिनीवरून मतलई वारा सुटतो, तर दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो आणि त्याचा रोख बहुधा वायव्येचा असतो. दक्षिणेस जाणाऱ्यास तो पाठीशी लाभतो. परंतु तोच वारा परत येणाऱ्याच्या तोंडावर असतो! जाणे सोपे आणि येणे कठीण, हे या ऋतूचे गणित होते आणि ते जाणणारी माणसे बरोबर असल्यावाचून हे धाडस करणे शक्य नव्हते.

ही माणसे कोण होती? कोळी, भंडारी, गाबीत, खारवी आणि किनाऱ्यावरील मुसलमान, अशा अनेक समाजांची. सभासदाच्या बखरीत आरमाराचे दोन प्रमुख सांगितले आहेत : एक दर्यासारंग, जो मुसलमान होता, आणि दुसरा मायनाक, जो भंडारी होता. याच मायनाकाने पुढे १६७९ मध्ये दौलतखानासह खांदेरी बेटावर इंग्रजांशी झुंज दिली. सरदारांची नावे अशी इतिहासाच्या पुस्तकांत येतात, परंतु गलबत प्रत्यक्ष चालविणारा तांडेल तेथे येत नाही. पाण्याचा रंग पाहून खडक ओळखावा, भरती-ओहोटीची वेळ चंद्राच्या कलेवरून सांगावी, कोणत्या खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे हे अंधारातही जाणावे, ही विद्या तांडेलाजवळ असे. ती त्याला बापाने आणि आज्याने शिकविलेली असे. असा माणूस हुकूम देऊन घडविता येत नाही. तो किनाऱ्यावरच्या वस्तीतून मिळवावा लागतो आणि सन्मानाने राखावा लागतो.

या गलबतांत बसले होते पायदळाचे शिपाई. परतीच्या वाटेवर गोकर्णाहून पुढे चार हजार पायदळ चालत गेले. हेच लोक जलमार्गाने आले असे धरले, तर एकेका गलबतावर सरासरी पंचेचाळीस माणसे होतात. माणशी दिवसाला तीन लिटर पाणी धरले तरी रोजचे बारा हजार लिटर गोडे पाणी हवे. एवढे पाणी लहान गलबतात फार दिवस साठविता येत नाही. म्हणून वाटेत कोठे थांबावयाचे, गोडे पाणी कोठे मिळेल आणि तेथे शत्रूची चौकी नाही ना, याचा हिशेब आधी मांडणे भाग होते. त्या शिपायांत डोंगर तुडविणारे, पण लाटेवर कधी न बसलेले अनेक मावळे असणारच. त्यांनी आपला जीव ज्याच्या हाती दिला, त्या तांडेलाची जात त्यांच्याहून वेगळी होती आणि कित्येकदा धर्मही वेगळा होता.

बसरूर अचानक गाठले गेले आणि मोठी लूट हाती आली. ती लूटच होती आणि तेथील रयतेने ती सोसली, हेही इतिहास लिहिताना झाकू नये. परतताना महाराजांनी गोकर्णास उतरून समुद्रस्नान केले आणि महाबळेश्वराचे दर्शन घेतले. येथे त्यांनी घेतलेला निर्णय लक्षात ठेवण्याजोगा आहे. बहुतेक आरमार त्यांनी परत पाठविले आणि स्वतः पायदळासह अंकोल्याच्या वाटेने निघाले. केवळ बारा गलबते जवळ ठेवली, ती वाटेतील नद्या सैन्यास ओलांडता याव्यात म्हणून. २२ फेब्रुवारीस ते कारवारास पोहोचले आणि तेथील व्यापाऱ्यांकडून खंडणी घेऊन दुसऱ्याच दिवशी पुढे गेले. इंग्रज वखारवाल्यांच्या वाट्यास त्यातील ११२ पौंड आले. वारा तोंडावर असताना हट्टाने समुद्रातच न राहता जमिनीची वाट धरावी, हा दर्यावर्दी लोकांचा सल्ला महाराजांनी मानला असावा, असे या क्रमावरून वाटते.

ग्रँट डफ या स्कॉटिश इतिहासकाराने १८२६ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, या मोहिमेत वादळाने व वायव्येच्या वाऱ्याने महाराजांचा खोळंबा झाला, आणि ही स्वारी भवानीस मान्य नसल्याची ती खूण मानली गेली. महाराज जातीने निघाले अशी ही एकच सागरी स्वारी, असेही तो सांगतो. आपल्या जिल्ह्यात तुळजाभवानीचे ठाणे असल्यामुळे ही आख्यायिका आपणांस अधिक जवळची वाटते. आख्यायिका बाजूस ठेवली तरी वेळ खरोखरच कठीण होती. मिर्झाराजा जयसिंग मार्चच्या आरंभी पुण्यास येऊन ठेपला. जूनमध्ये पुरंदरचा तह होऊन तेवीस किल्ले द्यावे लागले. मोगलांचा लोंढा दारी येत असताना राजा दूरच्या किनाऱ्यावर अडकला असता, तर काय झाले असते, याची कल्पनाच करावी. सगळा डाव थोड्या दिवसांच्या वाऱ्यावर आणि थोड्या माणसांच्या जाणतेपणावर उभा होता.

ही शिकवण रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या ‘आज्ञापत्रा’त उतरलेली दिसते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्यात सांगितले आहे की, आरमाराच्या खर्चाची नेमणूक मुलखाच्या उत्पन्नावर करावी, लुटीच्या मिळकतीवर त्याचा भार टाकू नये; पावसाळ्यापूर्वी गलबते सुरक्षित बंदरी आणावीत; जहाजासाठी रयतेचे आंब्या-फणसाचे झाड बळाने तोडू नये, धन्यास राजी करून व मोल देऊनच घ्यावे. ज्याचे वेतन वेळेवर पोहोचते तोच खलाशी संकटात गलबत सोडीत नाही, हे त्या राज्यकर्त्यांनी ओळखले होते.

अलीकडचे एक उदाहरण देतो. कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली; तसे करणारे ते पहिले भारतीय होत. परंतु ती नौका गोव्यात रत्नाकर दांडेकर यांनी बांधली होती. एकट्याच्या प्रवासामागेही सुतार, शीड शिवणारे, हवामान सांगणारे असे कितीतरी हात होते.

ज्ञातीच्या स्मरणिकेत आपण आपल्या पूर्वजांचे पराक्रम शोधतो, आणि तसे करण्यात गैर काही नाही. इतर समाजही आपापल्या स्मरणिकांत तेच करतात. मात्र बसरूरच्या अठ्ठ्याऐंशी नौकांपैकी एकही नौका एका ज्ञातीची होती, असे कोणास म्हणता येणार नाही. शीड एकाने शिवले, सुकाणू दुसऱ्याने धरले, वल्ही तिसऱ्याने मारली आणि तलवार चौथ्याने चालविली. यांतील कोणीही एक उणा असता, तर उरलेल्यांचा पराक्रम समुद्राच्या तळाशी गेला असता. आपल्या मुलांस पूर्वजांचा अभिमान शिकविताना शेजारी बसून वल्हे मारणाऱ्याचेही स्मरण ठेवावयास आपण शिकवू, तर तेरच्या कापडाप्रमाणे ईटचा हा विचारही घाट उतरून दूरवर जाईल.