कंपाउंडर ते फार्मासिस्ट : बघून शिकण्याचा इतिहास

मंडळी, औषधाच्या बाटलीवर चिकटवलेली ती कातरलेली कागदी पट्टी आठवते का? समोर साठीच्या पुढचे बरेच जण दिसतायत, त्यांना आठवेल. एका खाचेपर्यंत एक डोस. डॉक्टर चिठ्ठी आत पाठवायचे, आणि पडद्याआडून कंपाउंडर मिक्श्चर बनवून द्यायचा. वर सांगायचा, ‘हलवून घ्या, जेवल्यावर घ्या.’ हे काम तो शिकला कुठे? बहुतेक वेळा दुसऱ्या कंपाउंडरशेजारी उभं राहून. बघून.

रीतसर शिक्षण आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी होतं असं मात्र नाही. इथून खाली गोव्यात, पोर्तुगीज अमलात, १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली आणि तिथे औषधं बनवण्याचाही अभ्यासक्रम होता. ब्रिटिश हद्दीत ही गोष्ट फार उशिरा झाली. बाजारात भेसळीची औषधं इतकी माजली की सरकारला १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. तिच्या शिफारशींमध्ये औषध बनवणारा माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला असावा, हीही होती. १९३२ मध्ये महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात औषधशास्त्राचं शिक्षण सुरू केलं. १९३७ मध्ये त्याची स्वतंत्र पदवी झाली. पुढे १९४८ चा फार्मसी कायदा आला, १९४९ मध्ये फार्मसी कौन्सिल आलं आणि १९५७ मध्ये मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघालं.

आता यात एक गोम आहे. श्रॉफ यांच्यापुढे देशी कारखानदारी उभी करण्याचं स्वप्न होतं, आणि त्या काळात ते रास्तच होतं. पण त्यामुळे अभ्यासक्रमाचं तोंड कारखान्याकडे आणि प्रयोगशाळेकडे वळलं, ते तसंच राहिलं. काउंटर मागे पडला. रेणूची रचना फळ्यावर आली. रुग्णाशी बोलायचं कसं, हे फळ्यावर यायची सोयच नव्हती. डी. फार्मच्या मुलांना पाचशे तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण असतं खरं, पण तिथे समजावणारा माणूस भेटला तर सोनं, नाहीतर पोरगं नुसतं गोळ्यांच्या पट्ट्या खणात लावत बसतं.

मग पडदा आला. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर दिसू लागले. खेड्यातल्या कॉलेजला चांगला प्राध्यापक ऐकायला मिळावा, ही कल्पना उत्तम. सुरुवातीला भाषा बहुतांशी इंग्रजी, हे सांगायला नकोच! फार्मसीत पडद्याने सगळ्यात ठळक बदल केला तो बेडकाच्या बाबतीत. औषधाचा स्नायूवर परिणाम बघायला पूर्वी बेडूक मारावा लागे. पुदुच्चेरीच्या जिपमेरमध्ये डॉ. आर. रवींद्रन यांनी ‘एक्सफार्म’ ही संगणकप्रणाली केली, आणि तो प्रयोग पडद्यावर करता येऊ लागला. बेडूक वाचला.

पण माणसाचं काय? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं कर्तव्यच ठरवलं. आणि आज मुलं मोबाइलवर बघतात काय? परीक्षेत हमखास येणारे प्रश्न, नाहीतर गोळ्या बनवणारी मशीन. व्हिडिओ वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मशीन आतून दिसणं ही मोठी गोष्ट आहे. माझी तक्रार कॅमेरा कुठे लावलाय याबद्दल आहे.

तुमच्याच गावाचं बघा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. लॉकडाऊनमुळे कॉलेजं आधीच मोबाइलवर गेलेली, आणि इकडे कित्येक दिवस ना वीज, ना रेंज. मुलांचे तास बुडाले ते बुडालेच. पण त्याच दिवसांत एखाद्या मेडिकलच्या दुकानात काय प्रश्न येणार, विचार करा. फ्रीज बंद आहे, घरात आईचं इन्सुलिन आहे, ते फेकायचं का? चालू असलेली बाटली ऊन-उष्णता टाळून ठेवली तर साधारण चार आठवडे चालते. न उघडलेल्या बाटल्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून ओल्या मडक्यात ठेवता येतात, मात्र बर्फात थेट ठेवायच्या नाहीत, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. हे बोलणं तीन मिनिटांचं. हे इन्सुलिन नेमकं कुठलं, त्याच्या कागदावर काय लिहिलंय, हे विचारायलाही शिकवावं लागतं.

असे तीन-तीन मिनिटांचे मराठी व्हिडिओ कॉलेजांनी करावेत, आणि खऱ्या काउंटरवर. इनहेलर तोंडात धरून श्वास कधी ओढायचा. टीबीची गोळी बरं वाटलं म्हणून का सोडायची नाही. वाचता न येणाऱ्या आजोबांना सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या कशा ओळखायला लावायच्या, आणि मग त्यांच्याकडूनच ते परत वदवून कसं घ्यायचं. मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवता येतील एवढे हलके, म्हणजे रेंज गेली तरी चालतील.

हं, मागे कुणीतरी हात वर केलाय. बोला ना, काका.