चौपट दंडाची चुकलेली बेरीज

अमेरिकेत बेकारी भत्ता लबाडीने घेतल्याचे ठरल्यास ती रक्कम परत करावी लागतेच, शिवाय दंडही भरावा लागतो. मिशिगन राज्यात हा दंड एकेकाळी मूळ रकमेच्या चौपटीपर्यंत जाई. म्हणजे एक हजार डॉलरच्या ठपक्यावर पाच हजारांची वसुली, व्याज वेगळेच. अशा व्यवस्थेत मूळ आकडाच चुकला तर काय होते, हे या राज्याने अनुभवले.

ऑक्टोबर २०१३ मध्ये राज्याच्या बेकारी विमा विभागाने ‘मिडास’ ही संगणक प्रणाली सुरू केली. आद्याक्षरांतून जुळलेले हे नाव ग्रीक पुराणातील सुवर्णस्पर्शी राजाचेही आहे. तिजोरीपुरते ते चपखल ठरले. मोठा दोष हिशेबाच्या पद्धतीत होता. मालक कामगाराची मिळकत तिमाहीनिहाय कळवतो, भत्ता मात्र आठवड्याच्या हिशेबाने मिळतो. प्रणाली तिमाहीची मिळकत तेरा आठवड्यांवर सारखी वाटून टाकी. सात आठवड्यांत ५,२०० डॉलर मिळवून नोकरी गमावलेला माणूस बेकारीच्या सहा आठवड्यांतही दर आठवड्याला ४०० डॉलर कमावताना दिसे. खुलाशाची प्रश्नावली अनेकदा भत्ता थांबल्यानंतर, वापरात नसलेल्या ऑनलाइन खात्यावर जाई. दहा दिवसांत उत्तर आले नाही, की लबाडी सिद्ध! पुढे पगारातून कपात होई, प्राप्तिकराचा परतावा जप्त होई. अपिलाची मुदत तीस दिवसांची. नोटीस हाती पडेपर्यंत ती बहुतेकांची उलटलेली असे.

२०१५ मध्ये माणसाच्या तपासणीविना असे निर्णय देणे बंद झाले. केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाल्यावर जुनी प्रकरणे पुन्हा उघडली गेली. केवळ यंत्राने निकाली काढलेल्या सुमारे २२ हजार प्रकरणांपैकी ९३ टक्के प्रकरणांत लबाडीचा ठपका टिकला नाही. विभागाने सुमारे २.१ कोटी डॉलर परत केले. २०१७ च्या कायद्याने दंडाचे प्रमाणही खाली आले.

मात्र कापलेली रक्कम परत मिळणे आणि नुकसान भरून निघणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मधल्या काळात काहींवर दिवाळखोरीची वेळ आली होती. ‘बाऊसरमन’ खटल्यात दावा मुदतीनंतर आल्याचा राज्याचा आक्षेप होता. मुदत नोटिशीपासून नव्हे, प्रत्यक्ष वसुलीपासून मोजावी, असे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. जुलै २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने घटनात्मक हक्काच्या भंगाबद्दल राज्याकडून भरपाई मागता येते, असा निर्णय दिला. त्याच वर्षी दोन कोटी डॉलरवर तडजोड झाली.