गोठ्याचें धोवण आणि गवताची राखण

पुण्याच्या दक्षिणेस पर्वतीपलीकडे वसलेल्या बिबवेवाडीला आज वाडी म्हणणें म्हणजे केवळ जुन्या नांवाचा मान राखणें होय. इमारतींच्या रांगांत शेतांची खूणहि आतां शोधावी लागते. जमिनीचा उतार मात्र बदललेला नाहीं. कात्रजच्या डोंगरांतून निघालेला आंबील ओढा या वस्तीच्या पश्चिमेकडून उतरून मुठेला मिळतो. आणि त्याच कात्रजला तळीं बांधून नानासाहेब पेशव्यांनीं १७५० च्या सुमारास भुयारी नळानें शहरांत पाणी आणलें होतें. पाणी ज्या अंगानें येतें त्याच अंगाला गोठे असले, तर पहिल्या वळवाबरोबर तेथील शेणमूत कोठें जाईल, हें सांगावयास शास्त्रज्ञ नको. डोंगराच्या पायथ्याशीं वसलेल्या प्रत्येक शहराला गोठ्याच्या धोवणाचा हा प्रश्न केव्हां ना केव्हां पडतोच.

खेड्यांतील घरांनीं त्याचें उत्तर न बोलतां दिलें होतें. मोरीच्या तोंडाशीं अळवाचा वाफा, त्यापुढें केळीचे चार खुंट आणि कडेला कर्दळ, अशी मांडणी घरोघर असे. सांडपाण्याचा निकाल लागे आणि पक्षपंधरवड्यांत अळूहि विकत आणावें लागत नसे! गोठ्यांतील ओली माती खणून शेतांत जाई. तीच कर्दळ आज सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळींत मुद्दाम लावतात.

या जुन्या व्यवहाराला शास्त्राची बैठक मिळाली ती होळकरांच्या इंदुरांत. सर अल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ पर्यंत तेथील कृषिसंस्थेंत होते. त्यांनीं यशवंत वाड यांच्या सहकार्यानें लिहिलेला शेतीच्या टाकाऊ पदार्थांवरील ग्रंथ १९३१ मध्यें प्रसिद्ध झाला. शेण सर्वांना दिसतें, पण मूत्रांतील नत्र डोळ्यांदेखत वाहून जातें, हें त्यांनीं नेमकें हेरलें. म्हणून बैलांच्या पायांखालीं काडीकचऱ्याचें अंथरूण घालावयाचें, त्याखालीं मातीचा थर ठेवावयाचा, आणि भिजलेली ती माती ठराविक काळानें उकरून खतांत मिसळावयाची, अशी त्यांची रीत होती. धोवण गोठ्याबाहेर पडूंच द्यावयाचें नाहीं, हें तिचें मर्म.

परंतु इंदुरास गोठा आणि शेत शेजारीं होतीं. मुंबईच्या तबेल्यांत म्हशी होत्या, शेत नव्हतें. दुभत्या म्हशी दुरून आणाव्या, आटल्या कीं खाटकाकडे धाडाव्या आणि शेण गटारांत लोटावें, असा तो व्यापार. हे तबेले शहराबाहेर नेण्यासाठीं १९४९ मध्यें गोरेगांवाजवळ आरे दुग्धवसाहत उभी राहिली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार. सुमारें १,२८७ हेक्टर भूमि आणि सोळा हजारांच्या आसपास जनावरें, असा तिचा पसारा होता. तेथें पॅरा गवताचीं विस्तीर्ण शेतें केलीं. ब्राझीलमधील पारा प्रांताचें नांव मिरवणारें हें गवत पाणथळ जागीं माजतें आणि शेणपाण्यावर पोसतें. म्हशीनें गवत खावें, तिच्या गोठ्याच्या धोवणावर पुन्हां गवत वाढावें, आणि तें कापून पुन्हां तिच्यापुढें यावें, असें हें रहाटगाडगें.

गवत हें काम करतें कसें? दाट गवतांत पाण्याचा वेग मंदावतो आणि गाळ खालीं बसतो. विरघळलेलें नत्र व स्फुरद मुळें शोषून घेतात. मुळांभोंवतींचे सूक्ष्म जंतु उरलेल्यांतील कांहीं नत्राचा वायु करून सोडतात. जर्मनींत कॅथे झाइडल या विदुषीनें १९५० नंतरच्या दशकांत पाणगवतांवर असेच प्रयोग केले. अमेरिकेंत १९७२ च्या जलशुद्धिविषयक कायद्यानें जनावरांच्या मोठ्या कोंडवाड्यांना प्रदूषणाचें उगमस्थान मानलें, आणि त्यांच्या उताराला गवताचे पट्टे राखण्याच्या विद्येला तेथें जोर आला. पण या विद्येच्या अटी कडक आहेत. धोवण आधीं टाक्यांत निवळावें लागतें. तें चर पाडून न धांवतां पातळ थरानें पसरावें लागतें. आणि गवत वरचेवर कापून न्यावें लागतें, नाहींतर शोषलेलें द्रव्य तें कुजून पुन्हां पाण्यांत येतें. खताचा अतिरेक झाला तर चाऱ्यांतच नत्राचें विष साठून गुरांना बाधतें.

मुख्य अट मात्र जागेची, आणि आरे तेथेंच चुकलें. १९७७ मध्यें तिच्या भूमींतून चित्रनगरीला जागा गेली. पुढें मागणाऱ्यांची रांग वाढतच गेली. वसाहतींत उगम पावणाऱ्या ओशिवरा नदींत तबेल्यांचें शेण मिसळूं लागलें. ज्या गटारांतून मुंबईला सोडवावयाचें, तें नदीच्या रूपानें परत आलें. गवताला याचा दोष देणें अन्यायाचें होईल. गोठे राहिले, पण त्यांना पुरेल इतकें रान उरलें नाहीं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें दुग्धशाळा व गोशाळा यांच्याकरितां २०२० मध्यें मार्गदर्शक तत्त्वें काढलीं. म्हैस दिवसाला पंधरा-वीस किलो शेण टाकते. दहा म्हशींचा गोठा म्हणजे आठवड्याला एक टनाहून अधिक. एवढें शेण आणि त्याचें धोवण पचवावयाचें तर गोठा आणि ओढा यांच्यामध्यें रुंद हिरवा पट्टा पाहिजे. बिबवेवाडीच्या बाजूचा आंबील ओढा या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्याचे कांठ जागोजागीं भिंतींनीं आणि घरांनीं आवळले आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं त्याला पूर आला, तेव्हां जेथें गवत असावयाचें तेथें माणसें झोंपलेलीं होतीं.