झांझिबारची पेढी आणि व्हेनिसचे मणी

१/ १८७१ च्या जानेवारीत हेन्री स्टॅन्ले लिव्हिंग्स्टनच्या शोधार्थ झांझिबारला उतरला, तेव्हा त्याच्यापुढील एक मोठा पेच होता मण्यांचा. पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागात नाणे चालत नसे. कापड, पितळी तार आणि काचेचे मणी चालत. वाटेतील प्रत्येक मुलखाची पथकर मागण्याची रीत, धान्याचा भाव, हमालांचा रोजचा शिधा, सारे या तीन वस्तूंत मोजले जाई.

२/ मणी म्हणजे कोणतेही मणी नव्हेत. काळा मणी उगोगोत चाले, अन्यत्र त्यास कोणी विचारीत नसे. कबुतराच्या अंड्याएवढा ‘सुंगोमाझी’ उजिजीत मोलाचा, पण इतर मुलखांत नाकारला जाणारा. पांढरा ‘मेरिकानी’ उफिपात हवा असे, उकोनोंगोत तो तुच्छ. स्टॅन्लेच्या आधी आलेल्या बर्टन आणि स्पीक यांना शेकडो फुंडो मणी निरुपयोगी म्हणून टाकून द्यावे लागले होते. स्टॅन्लेने पुष्कळ चौकशी करून अकरा जातींची बावीस पोती घेतली, आणि तरीही आपला हिशेब चुकला तर काय, ही धास्ती त्याने लिहून ठेवली आहे.

३/ कासाराच्या दुकानात आजीला बांगड्यांची रास उपसताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. युरोपीय प्रवाशांना मात्र वाटले. ‘रानटी लोक चार मण्यांना भुलतात’ अशी समजूत घेऊन ते आले होते. प्रत्यक्षात गिऱ्हाईक इतके चोखंदळ होते की बर्टनने मण्यांच्या सुमारे ४०० जाती सांगितल्या. प्रत्येकीचे नाव वेगळे, मोल वेगळे, खपाचा मुलूख वेगळा.

४/ हे ४०० प्रकार ओळखणे हेच पेढीचे खरे भांडवल. ते झांझिबारच्या व्यापाऱ्यांजवळ होते, आणि त्यांत कच्छ-काठियावाडातून आलेल्या भाटिया, खोजा व बोहरा घराण्यांचा वाटा फार मोठा. यांतील सर्वांत प्रबळ पेढी जयराम शिवजींची. १८३० च्या दशकापासून झांझिबारच्या सुलतानाच्या जकातीचा मक्ता दीर्घकाळ या घराण्याकडे होता. मालक कच्छ-मुंबईत आणि कारभार पाहणारा लधा दामजी झांझिबारात, अशी ती व्यवस्था.

५/ आता माल कोठून येई ते पाहू. बहुतांश मणी व्हेनिसचे. वितळलेल्या काचेचा पोकळ गोळा दोन्ही टोकांना धरून दोन कारागीर विरुद्ध दिशांना धावत. काचेची लांबच लांब नळी निघे. तिचे तुकडे करून ते पुन्हा तापवून फिरवले की कडा गोल होत. मग शहरातील गरीब स्त्रिया दारात बसून, हातात पंख्यासारख्या धरलेल्या अनेक लांब सुया मण्यांच्या लाकडी पात्रात खुपसून माळा ओवीत. त्यांना ‘इंपिरारेस्से’ म्हणत. १९०४ मध्ये त्यांनी मजुरीसाठी संप केला. मण्यांच्या इतिहासात त्यांचे नाव फार उशिरा आले.

६/ व्हेनिसच्या कारखानदारास उगोगो कोठे आहे हे माहीत असण्याचे कारण नव्हते. त्याला नमुना हवा असे. म्हणून या धंद्यात नमुन्यांचे पुठ्ठे हिंडत: रांगेने शिवलेले मणी आणि त्यांपुढे क्रमांक. लंडनच्या मोझेस लेविनची पेढी १८३० ते १९१३ चालली. तिचे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील पुठ्ठे आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यांवर सहाशेहून अधिक मणी आहेत.

७/ व्हेनिसचा माल कधी हॅम्बर्गच्या, कधी मुंबईच्या वाटेने झांझिबारला पोचे. मुंबईहून शिडाची गलबते ईशान्य मोसमी वाऱ्यावर निघत आणि नैर्ऋत्य वारे सुटल्यावर परतत. म्हणजे वर्षाला एक फेरी. गेल्या वर्षी खपलेल्या रंगाची मागणी आज नोंदवावी, आणि माल हाती येईपर्यंत तिकडची आवड पालटलेली असावी, हा धोका कायमचा. सुवेझ कालवा (१८६९) आणि १८७२ पासूनची नियमित आगबोट यांनी ही मुदत पुष्कळ घटवली. १८७९ मध्ये झांझिबारला तारही पोचली.

८/ शब्दांतही या व्यापाराचा ठसा राहिला. बर्टनच्या यादीत एका फिक्या लाल मण्याचे नाव आहे ‘गुलाबी’. त्याच मण्याचे स्वाहिली नाव ‘टोळाचे पाय’! प्रवाळासारख्या लाल ‘सामीसामी’ला दुसरे नाव होते ‘जेवण संपवणारा’, कारण तो मिळवण्यासाठी माणूस हातचे अन्नही देऊन टाकी. माप ‘खेते’: अंगठ्याच्या टोकापासून कोपरापर्यंतच्या अंतराच्या दुप्पट लांबीची माळ. दहा खेते म्हणजे एक फुंडो. घाऊक वजन फ्रासिला, सुमारे ३५ पौंड.

९/ विक्री बहुतेक उधारीवर. पेढी तांड्याच्या म्होरक्याला कापड-मणी देई. तांडा एक-दोन, कधी तीन वर्षांनी हस्तिदंत घेऊन परते आणि खाते भागे. म्होरक्या वाटेत मेला तर खाते बुडे. अनोळखी माणसास इतकी उधारी देणे अशक्य, म्हणून पुतणे, मेहुणे, जातभाई हेच गुमास्ते. हस्तिदंताचा मोठा भाग मुंबईस येई, आणि त्यातून पश्चिम भारतातील नववधूंचे चुडे घडत. व्हेनिसचा मणी न्याम्वेझी स्त्रीच्या गळ्यात, आणि त्याच्या मोबदल्यातील दात कच्छच्या वधूच्या मनगटावर.

१०/ येथे थांबून एक गोष्ट स्पष्ट म्हटली पाहिजे. या तांड्यांनी किनाऱ्यावर केवळ दात आणले नाहीत, माणसेही आणली. पेढीच्या वहीत ‘उधारी’ एवढाच शब्द असला, तरी ती कशाने फिटते हे चालकांना ठाऊक होते. भारतीय व्यापाऱ्यांच्या घरी व मळ्यांवर गुलाम होते. १८६० मध्ये ब्रिटिश वकील रिग्बीने अशा हजारोंना मुक्त केले. मुंबईचा माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर १८७३ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करविण्यासाठी झांझिबारला गेला, तेव्हा एका भारतीय पेढीचीच तेथे सुमारे ४,३४,००० पौंडांची रक्कम गुंतलेली त्याला आढळली. त्याच वर्षी तेथील गुलामांचा बाजार बंद झाला. आपल्याकडे या घराण्यांच्या साहसाच्या कथा आवडीने सांगितल्या जातात. हा भाग बहुधा गाळून.

११/ गिऱ्हाइकाचा रुबाब मात्र उतरला नाही. १८८३ मध्ये मसाईंच्या मुलखात निघालेल्या जोसेफ थॉमसनला टावेटा येथे मुक्काम ठोकून मणी पुन्हा ओवून घ्यावे लागले. मसाईंना ठरावीक लांबीचीच माळ चाले. तशा माळा लागल्या ६०,०००.

१२/ हे सारे कशाने संपले? मुख्यतः रेल्वेने आणि रुपयाने. १९०१ मध्ये मोंबासाहून निघालेले रूळ व्हिक्टोरिया सरोवरास भिडले; मजुरी व कर रुपयांत मोजले जाऊ लागले. मणी चलन राहिला नाही, दागिना उरला. घराणी तोवर लवंग, कापूस, गहाणवट यांकडे वळली होती. जयराम शिवजींनंतर १८७६ मध्ये जकातीचा मक्ता घेणारा खोजा व्यापारी थारिया तोपन १८९१ मध्ये मुंबईत वारला. स्टॅन्लेने आपल्या ग्रंथात त्याला अत्यंत प्रामाणिक माणसांत गणले आहे. त्याने बांधावयास घेतलेला दवाखाना, नक्षीदार लाकडी सज्जांचा, झांझिबारच्या बंदरासमोर आजही उभा आहे.