कोड : उपचार व आच्छादन यांचा इतिहास

कोड : त्वचेला रंग देणाऱ्या कोशिका (पेशी) नष्ट झाल्यामुळे शरीरावर जे पांढरे, स्पष्ट कडांचे डाग उमटतात त्यांस ‘कोड’ म्हणतात. संस्कृत वैद्यकग्रंथांत या विकाराला ‘श्वित्र’ व ‘किलास’ अशी नावे आहेत. जगाच्या लोकसंख्येपैकी सु. ०·५ ते २ टक्के लोकांत तो आढळतो. स्त्री-पुरुषांत त्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच असून निम्म्याहून अधिक रोग्यांत त्याची सुरुवात वयाच्या तिशीपूर्वी होते. कोड संसर्गजन्य नाही. त्यामुळे त्वचेला बधिरता येत नाही व आयुष्यही घटत नाही. मात्र डाग चेहऱ्यावर, म्हणजे डोळे, नाक व ओठ यांभोवती उमटण्याची प्रवृत्ती असल्याने रोग्याला शारीरिक पीडेपेक्षा सामाजिक पीडाच अधिक सोसावी लागते. कोडावरील उपचारांचा इतिहास म्हणूनच दोन धारांनी वाहत आला आहे : एक गेलेला रंग परत आणण्याची व दुसरी डाग झाकण्याची.

प्राचीन उल्लेख : कोडावरील उपचाराचा अतिप्राचीन उल्लेख अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील दोन सूक्तांत आढळतो. रात्री जन्मलेल्या, काळ्या वर्णाच्या वनस्पतीने पांढऱ्या डागाला आपला रंग द्यावा, अशी प्रार्थना त्यांत केलेली आहे. येथे रोग घालविणे व रंग देणे या दोन कल्पना अद्याप वेगळ्या झालेल्या दिसत नाहीत.

चरकसंहितेत किलासाचे दारुण, चारुण व श्वित्र असे तीन प्रकार सांगितले असून दोष रक्तात, मांसात किंवा मेदात असेल त्याप्रमाणे डाग अनुक्रमे लाल, तांबूस किंवा पांढरा होतो, असे म्हटले आहे. उपचारात काळ्या उंबराचा (काकोदुंबराचा) रस गुळाबरोबर देऊन रोग्याला झेपेल इतके ऊन घ्यावयास लावावे व डागावर उठणारे फोड काट्याने फोडावेत, असा विधी दिला आहे. अंजिराच्या पानांत व चिकात त्वचेला प्रकाशसंवेदी करणारी द्रव्ये असतात, हे आता ज्ञात आहे. काळा उंबर हा अंजिराच्याच वंशातील असल्याने वनस्पती व सूर्यप्रकाश यांची ही जोड लक्षणीय ठरते. बावची (बाकुची) या वनस्पतीच्या बियांचाही आयुर्वेदात श्वित्रावर पोटात घेण्यासाठी व लेपासाठी विपुल वापर झालेला आहे.

रोगाच्या साध्यासाध्यतेविषयी प्राचीन वैद्यांचे निरीक्षण सूक्ष्म होते. डाग नवा असेल, डाग एकमेकांत मिसळलेले नसतील व त्यांवरील केस पांढरे झाले नसतील, तर ते बरे होतात. तळहात, ओठ व गुह्यभाग यांवरील डाग मात्र नवे असले तरी बरे होत नाहीत, असे वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगितले आहे. आधुनिक संशोधनाने याचे कारण स्पष्ट केले आहे. नवा रंग मुख्यत्वे केसांच्या मुळांतील राखीव रंजक कोशिकांपासून येतो. केसच पांढरा झाला असेल, तर हा साठा संपलेला असतो व तळहात, ओठ यांसारख्या केशरहित जागी तो मुळातच नसतो. याउलट चेहऱ्यावर बारीक लव दाट असल्याने तेथील डाग उपचारांना सर्वांत चांगला प्रतिसाद देतात.

कुष्ठरोगाशी झालेली गल्लत : सुश्रुताने कुष्ठ व किलास यांतील भेद स्पष्ट केला होता. किलास केवळ त्वचेपुरते मर्यादित असते व त्यातून स्राव होत नाही, असे तो म्हणतो. तरीही ‘श्वेतकुष्ठ’ हा शब्द रूढ झाला आणि कोडाला महारोगाचा कलंक चिकटला. हीच गल्लत पश्चिमेकडेही घडली. बायबलच्या जुन्या करारातील ‘लेवीय’ या ग्रंथात त्वचेवरील पांढऱ्या डागांची परीक्षा पुरोहिताने करावी व रोग्याला अशुद्ध ठरवून वस्तीबाहेर ठेवावे, असे नियम आहेत. तेथील हिब्रू शब्दात अनेक त्वचाविकारांचा समावेश होत असावा. ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘लेप्रा’ हा शब्द वापरला गेला व पुढे तो कुष्ठरोगाचा वाचक झाला. ‘व्हिटिलिगो’ ही संज्ञा इ. स. पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार सेल्सस याच्या ग्रंथात आढळते.

चरकाने किलासाच्या कारणांत विरुद्ध अन्नाबरोबरच असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा, गुरूंचा अपमान व पूर्वजन्मीचे कर्म यांचीही गणना केली आहे. या विचाराचे पडसाद लोकसमजुतींत दीर्घकाळ टिकले. मासे खाल्ल्यावर दूध प्यायल्यास कोड फुटते, हा महाराष्ट्रातील सार्वत्रिक समजही विरुद्ध अन्नाच्या कल्पनेशी जुळणारा आहे. त्याला शास्त्रीय आधार नाही. तथापि त्यामुळे रोग्याच्या दुःखात अपराधाची भावना मिसळते. घरात एकाला कोड असल्यास भावंडांचे, विशेषतः मुलींचे, विवाह अडतात व म्हणून डाग लपवून ठेवण्याकडे कुटुंबाचा कल होतो. परिणामी जो काळ उपचारांना सर्वांत अनुकूल, तोच लपविण्यात निघून जातो. या विकारात आनुवंशिकतेचा काही वाटा असला, तरी कोड असलेल्या व्यक्तीच्या बहुसंख्य अपत्यांना तो होत नाही.

सोरालेन चिकित्सा : नाईल नदीच्या खोऱ्यात आमी माजुस ही गाजराच्या कुलातील वनस्पती तणासारखी वाढते. तिच्या बियांचे चूर्ण घेऊन उन्हात बसण्याचा उपचार उत्तर आफ्रिकेत फार पूर्वीपासून ज्ञात होता. तेराव्या शतकातील अरब वनस्पतिज्ञ इब्न अल्-बैतार याने त्याचे वर्णन केले आहे. या परंपरेच्या आधारे १९४७ मध्ये ईजिप्शियन रसायनज्ञ फाहमी व अबू-शादी यांनी त्या बियांतून क्रियाशील द्रव्ये वेगळी केली व कैरो येथील त्वचारोगतज्ञ अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी ती कोडाच्या रोग्यांना देऊन १९४८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तत्पूर्वी १९३३ मध्ये भारतीय रसायनज्ञांनी बावचीच्या बियांतून सोरालेन मिळविले होते. दोन्ही वनस्पतींतील द्रव्ये एकाच रासायनिक कुटुंबातील निघाली. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन वैद्यकपरंपरा अनुभवाने एकाच ठिकाणी येऊन पोहोचल्या होत्या.

सोरालेन पोटात घेतल्यावर किंवा डागावर लावल्यावर त्वचा जंबुपार किरणांना संवेदनशील होते व उरलेल्या रंजक कोशिकांना चेतना मिळते. अमेरिकेत १९५३ पासून या द्रव्यांचा अभ्यास सुरू झाला. १९७४ मध्ये दीर्घ तरंगलांबीच्या कृत्रिम जंबुपार किरणांचा सोरालेनाबरोबर वापर सोरायसिस या विकारात यशस्वी ठरला. ‘पुवा’ नावाने ओळखली जाणारी ही पद्धत लवकरच कोडासाठीही रूढ झाली. भारतात यंत्राऐवजी उन्हाचाच उपयोग करण्याची स्वस्त पद्धत प्रचारात आली. तथापि ऊन अधिक झाल्यास त्वचा भाजते, औषधाने मळमळ होते, डोळ्यांना काळ्या चष्म्याने जपावे लागते व दीर्घकालीन उपचारात त्वचेच्या कर्करोगाचा धोका संभवतो. १९९७ मध्ये नेदर्लंड्‌समधील संशोधकांनी सोरालेनाशिवाय केवळ अरुंद पट्ट्याच्या जंबुपार किरणांनी चांगला परिणाम होतो, असे दाखविले. तेव्हापासून या पद्धतीने ‘पुवा’ची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली.

शस्त्रक्रिया व नवी औषधे : डाग स्थिर झाला असेल, तर निरोगी भागाची पातळ त्वचा तेथे बसविता येते. भारतात दिल्लीचे त्वचारोगतज्ञ पी. एन्. बहल यांनी १९६४ मध्ये या पद्धतीविषयीचे अनुभव प्रसिद्ध केले. पुढे निर्वात दाबाने फोड उठवून त्याची वरची त्वचा वापरणे, त्वचेचे सूक्ष्म ठिपके रोवणे व रंजक कोशिका वेगळ्या करून त्यांचे विलेपन करणे या पद्धती विकसित झाल्या. रोग पसरत असताना मात्र शस्त्रक्रिया करीत नाहीत.

शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेतील विशिष्ट श्वेत कोशिका स्वतःच्याच रंजक कोशिकांवर हल्ला करतात, हे कोडाचे मुख्य कारण आता मान्य झाले आहे. अवटू ग्रंथीचे विकार अशा रोग्यांत अधिक आढळतात, याचे कारणही हेच. प्रतिरक्षेला आवर घालणारी स्टेरॉइड मलमे बराच काळ वापरात आहेत. परंतु चेहऱ्यावर ती दीर्घकाळ लावल्यास त्वचा पातळ होते व रक्तवाहिन्या दिसू लागतात. म्हणून २००० नंतर चेहऱ्यासाठी टॅक्रोलिमस मलमाचा वापर वाढला. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुक्सोलिटिनिब मलमास १२ वर्षांवरील रोग्यांसाठी मान्यता दिली. त्याच्या चाचण्यांत २४ आठवड्यांनी सु. ३० टक्के रोग्यांच्या चेहऱ्यावरील डागांत किमान ७५ टक्के सुधारणा दिसून आली.

खात्रीलायक उपायांच्या जाहिराती हे या इतिहासाचे दुसरे अंग होय. भारतात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या परिशिष्टात कोडाचा समावेश असून तो बरा करण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना मनाई आहे.

आच्छादन : सुश्रुताने व्रणावरील साठ उपक्रमांत कृष्णकर्म व पांडुकर्म, म्हणजे वणाचा रंग गडद व फिका करण्याच्या क्रिया, यांचा समावेश केला आहे. कृष्णकर्मासाठी त्याने बिब्ब्याचा उपयोग सांगितला आहे. यूरोपात सोळाव्या-सतराव्या शतकांत देवीचे वण व डाग झाकण्यासाठी शिशाची सफेदी वापरीत. ती विषारी असल्याने झाकावयाची त्वचा तिनेच अधिक बिघडत असे.

आधुनिक आच्छादक मलमांचा आरंभ १९२८ मध्ये झाला. चेहऱ्यावर जन्मखूण असलेल्या लिडिया ओलिअरी या अमेरिकन स्त्रीने स्वतःसाठी एक अपारदर्शक मलम तयार केले व ते ‘कव्हरमार्क’ या नावाने विक्रीस आणले. अशा मलमांत टिटॅनियम डाय-ऑक्साइड व लोहाची ऑक्साइडे मेणयुक्त आधारद्रव्यात मिसळलेली असतात. वरून भुकटी लावल्याने ती घामाने वा पाण्याने सहज निघत नाहीत. ब्रिटनमध्ये रेडक्रॉस संस्थेने १९७५ मध्ये अशी मलमे लावण्यास शिकविणारी सेवा सुरू केली. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेत डायहायड्रॉक्सिॲसिटोन हे द्रव्य मुलांना औषध म्हणून देताना सांडलेल्या जागी त्वचा तपकिरी झालेली दिसली व त्यातून काही दिवस टिकणारा रंग मिळाला. ओठांवरील डागांसाठी गोंदण्याचाही उपयोग करतात. परंतु कालांतराने गोंदणाचा रंग बदलतो व डाग वाढल्यास ते उघडे पडते.

जवळजवळ सर्व शरीर पांढरे झाल्यास उरलेला रंगच काढून टाकण्याचा मार्ग अवलंबितात. हा मार्ग एका औद्योगिक अपघातातून सापडला. १९३९ मध्ये अमेरिकेतील एका कातडी कमावण्याच्या कारखान्यातील कामगारांचे हात पांढरे पडल्याचे आढळले. त्यांच्या रबरी हातमोज्यांत असलेले हायड्रोक्विनोनाचे एक संयुग त्यास कारणीभूत होते. हा परिणाम कायमचा असल्याने असा उपचार पूर्ण विचारांतीच करावा लागतो. भारतात टिकलीच्या गोंदातील एका फिनॉल संयुगामुळे कपाळावर नेमका टिकलीच्या जागी पांढरा डाग पडल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. अशा वेळी टिकली ताबडतोब बंद करणे हा पहिला उपचार होय.

सामाजिक दृष्टी : अमेरिकन गायक मायकेल जॅक्सन याने आपणास कोड असल्याचे १९९३ मध्ये जाहीर केले. तोपर्यंत त्याने हौसेने गोरेपण मिळविले, असाच प्रवाद होता. २००९ मधील त्याच्या शवचिकित्सेत या विकाराची पुष्टी झाली. २५ जून हा त्याचा मृत्युदिन २०११ पासून जागतिक कोड दिन म्हणून पाळला जातो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी स्थापन केलेली ‘श्वेता असोसिएशन’ ही संस्था कोड असलेल्यांसाठी स्वमदत गट व वधुवर मेळावे भरविते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या नितळ (२००६) या मराठी चित्रपटाची नायिका ही चेहऱ्यावर कोड असलेली नेत्रवैद्य आहे.

डाग झाकणे वा न झाकणे हा रोग्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. मुलाखत, समारंभ किंवा प्रवास यांसाठी मलम उपयोगी पडते व त्यामुळे आत्मविश्वास वाढतो, असा अनुभव आहे. परंतु घरच्या माणसांपासूनही तोंड लपवावे लागत असेल, तर तो दोष त्वचेचा नसून समजुतींचा असतो आणि त्यावर मलमाचा उपयोग होत नाही.