मेजावरचे रणांगण



वसंतातल्या या व्याख्यानमालेत आजवर आपण संतांविषयी, राज्यघटनेविषयी, आकाशस्थ ग्रहगोलांविषयी ऐकले असेल. आज मी शिशाच्या शिपायांविषयी बोलणार आहे. विषय पोरकट वाटला तर दोष माझा नाही, माझ्या नातवाचा आहे. गेली तीन वर्षे आमच्या घरातले जेवणाचे मेज त्याच्या ताब्यात आहे. बोटाच्या दोन पेरांएवढे शिपाई तो तिथे रंगवतो, त्यांच्या पलटणी उभ्या करतो, आणि रविवारी दोन मित्रांना बोलावून फासे टाकून लढाई खेळतो. पहिल्या वर्षी मी रागावलो, दुसऱ्या वर्षी नुसते पाहिले आणि तिसऱ्या वर्षी चष्मा पुसून शेजारी बसलो. त्या बसण्यातून जे सुचले ते आपल्यापुढे मांडतो.

खरे तर आपल्याला हा नाद अगदी परका नाही. दिवाळीत दारापुढे दगड, माती आणि भिजवलेली पोती यांचा किल्ला करायचा, त्यावर अळीव पेरायचे, माथ्यावर सिंहासनस्थ महाराज आणि बुरजाबुरजांवर मातीचे मावळे बसवायचे, हे आपण सर्वांनी केले आहे. पण आपला किल्ला हे एक दृश्य असते. त्यातला मावळा चार दिवस जागचा हलत नाही आणि हरत तर कधीच नाही. युरोपातल्या खेळात शिपाई हलतात आणि हरतातही. इतक्या एका फरकाने करमणुकीचा इतिहास झाला, आणि त्या इतिहासात खऱ्या सेना व खरी माणसे सापडली.

आरंभ बुद्धिबळापासून करावा लागतो. राजा, वजीर, हत्ती, घोडा, उंट, प्यादे ही चतुरंग सेना आपल्या देशातून निघाली आणि इराण-अरबस्तानमार्गे युरोपात पोचली. जर्मनीतल्या ब्रुन्सविक येथे हेल्विग नावाच्या गणिताच्या शिक्षकाने 1780 मध्ये या पटावर नद्या, डोंगर आणि तोफा आणल्या. तथापि घरे काही सुटली नाहीत. खऱ्या भूमीवर चौकोन आखलेले नसतात. ती अडचण प्रशियातल्या राइसविट्झ पितापुत्रांनी दूर केली. पित्याने 1812 मध्ये राजाला नजर केलेल्या मेजावर भूप्रदेशाचे सुटे तुकडे मांडून हवे ते रणांगण उभे करता येत होते. पुत्र तोफखान्यात अधिकारी होता. त्याने मेजाऐवजी प्रत्यक्ष मोजणीचा नकाशा घेतला आणि 1824 मध्ये नियमांचे पुस्तक छापले.

या नियमांत तीन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे फासा. गोळी लागेलच असे नाही, दारू ओली असेल, शिपाई घाबरला असेल, तेव्हा दैवाचा वाटा फाशाकडे दिला. दुसरी म्हणजे पंच. दोन्ही पक्षांनी हुकूम पंचाकडे द्यायचे आणि परिणाम त्याने ठरवायचा. तिसरी म्हणजे अज्ञान. शत्रूची जी फौज आपल्याला दिसू शकत नाही, ती नकाशावर मांडायचीच नाही. सेनापती जितका अंधारात असतो तितकाच खेळाडूही राहिला पाहिजे. प्रशियाच्या सेनाकार्यालयाचे प्रमुख जनरल म्युफलिंग हे हा खेळ पाहायला बसले तेव्हा म्हणे उदासीन होते. उठले तेव्हा, हा खेळ नव्हे, युद्धाचे शिक्षण आहे, असा त्यांचा अभिप्राय झाला आणि सैन्यात त्याचा प्रसार सुरू झाला. मात्र ज्याने हा खेळ दिला त्या तरुण राइसविट्झने 1827 मध्ये स्वतःच्या हाताने जीवनयात्रा संपवली. खेळ वाढला, खेळणी मांडणारा गेला.

म्युफलिंग हे नाव कृपा करून ध्यानात ठेवा. 1815 मध्ये वॉटर्लूच्या रणांगणावर प्रशियन सैन्याच्या वतीने ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्यापाशी राहून दोन सैन्यांत संधान ठेवणारे अधिकारी तेच होते. आता मी आपल्याला त्याच लढाईच्या एका प्रतिकृतीकडे नेतो.

विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश सैन्यातला एक लेफ्टनंट. 1830 मध्ये त्याच्यावर वॉटर्लूची प्रतिकृती करण्याचे काम सोपवण्यात आले. हा गृहस्थ रणांगणाच्या मध्यावरच्या ला हे सांत या शेतवाडीत आठ महिने राहिला आणि जमिनीचा चढउतार त्याने मोजून काढला. मग हयात अधिकाऱ्यांना पत्रे पाठवली. सायंकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कोठे उभी होती, समोर शत्रू कोण होता, शेतात पीक कोणते होते, असे त्याचे प्रश्न. शेकडो उत्तरे आली. दरम्यान सरकारने पैसे देणे थांबवले. सायबोर्न थांबला नाही. त्याने कर्ज काढले, आणि 1838 मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये सत्तर हजारांहून अधिक कथलाशिशाच्या शिपायांचे ते रणांगण लोकांसमोर आले. सुमारे लाखभर लोकांनी ते पाहिले असे सांगतात, पण सायबोर्नचे पैसे काही निघाले नाहीत.

वाद निघाला तो प्रशियन शिपायांवरून. सायबोर्नने पत्रे ताडून पाहिली होती, प्रशियनांकडूनही माहिती मागवली होती, आणि त्यावरून सातच्या सुमारास प्रशियन फौज फ्रेंचांच्या बगलेवर जोरात लढत असलेली दाखवायची असे ठरवले होते. वेलिंग्टनना ते पसंत पडले नाही. तसे दाखवले तर विजयाचे श्रेय वाटून द्यावे लागते. पुढे सायबोर्नने मांडणी बदलली आणि प्रशियन शिपाई कमी केले. त्याला पुरावा पटला म्हणून, की तो दबावाला बळी पडला म्हणून, यावर इतिहासकारांत आजही एकमत नाही. पण ती पत्रे नष्ट झाली नाहीत. त्याच्या मुलाने 1891 मध्ये त्यांतली बरीचशी छापली आणि प्रतिकृती आज लंडनच्या राष्ट्रीय सेना संग्रहालयात उभी आहे. श्रोतेहो, बोटाच्या पेराहूनही लहान अशा शिपायांची जागा एका साम्राज्याच्या सरसेनापतीला खुपते, यावरून त्या शिपायांचे वजन किती असते ते समजून घ्यावे.

घराघरांत हे शिपाई पोचले ते कारागिरांमुळे. न्युरेंबर्ग शहरात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिल्पर्ट आणि 1839 पासून हाइनरिक्सन या घराण्यांनी कथलाचे चपटे शिपाई ओतले. 1893 मध्ये लंडनच्या ब्रिटन घराण्याने एक युक्ती काढली. साच्यात वितळलेले शिसे ओतायचे, कडेचा थर गोठला की उरलेले पुन्हा बाहेर ओतून घ्यायचे. आतून पोकळ शिपाई तयार! शिसे वाचले, किंमत उतरली आणि मध्यम वर्गाच्या मुलाला पलटण परवडू लागली.

ते शिपाई मुलांच्या हातून एका मोठ्या माणसाने काढून घेतले. प्रसिद्ध कादंबरीकार एच. जी. वेल्स हे दिवाणखान्यात पालथे पडून, स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे उडवून मित्रांशी लढाया खेळत. त्याचे नियम त्यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात दिले. पुस्तकाच्या शेवटी मात्र थट्टा थांबते. तीनचार वेळा हा खेळ खेळून पाहिला तरी खरे महायुद्ध ही केवढी आंधळी आणि अवजड चूक आहे ते कळेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. पुढच्याच वर्षी ते महायुद्ध आले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जॅक स्क्रबी आणि इंग्लंडात डोनाल्ड फेदरस्टोन यांनी या छंदाची पुन्हा उभारणी केली. फेदरस्टोन यांचे ‘वॉर गेम्स’ हे पुस्तक 1962 चे. तोवर एअरफिक्स कंपनीचे स्वस्त प्लॅस्टिकचे शिपाईही बाजारात आले होते. फेदरस्टोन यांनी स्वतः खऱ्या युद्धात भाग घेतला होता. युद्ध पाहिलेली माणसे या खेळाकडे का वळली, असा प्रश्न आपल्याला पडेल. त्याचे उत्तर मला खेळाच्या प्रामाणिकपणात दिसते, आणि त्याचे दोन दाखले देतो.

1942 च्या मे महिन्यात ‘यामातो’ या जपानी युद्धनौकेवर मिडवेच्या मोहिमेची रंगीत तालीम नकाशावर चालली होती. फासा पडला आणि अमेरिकन विमानांचे नऊ बाँब जपानी विमानवाहू जहाजांवर पडले असा निकाल निघाला. ‘आकागी’ आणि ‘कागा’ बुडाली. प्रमुख पंच होते ॲडमिरल उगाकी. त्यांनी नऊचे तीन केले. ‘आकागी’ वाचली. बुडालेली ‘कागा’ही पुढच्या डावात पाण्यावर आली. जूनच्या पहिल्या आठवड्यात खरी लढाई झाली, तीत ही दोन आणि आणखी दोन विमानवाहू जहाजे तळाला गेली. फासा बदलला म्हणून युद्ध हरले, असे म्हणणे फार सोपे होईल. पण आपण हरू शकतो हा विचार ज्या खोलीत बसू दिला जात नाही, त्या खोलीतली तालीम ही तालीम राहत नाही.

त्याच वर्षी लिव्हरपूलमध्ये याच्या उलट घडत होते. क्षयामुळे नौदलातून निवृत्त झालेले कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना एक दालन देण्यात आले. त्यांनी जमिनीवर सागर आखला, खडूने जहाजांचे मार्ग काढले, आणि कापडी पडद्यांना भोके ठेवून खेळणाऱ्या अधिकाऱ्यांना तेवढेच दिसेल असे केले. मांडणी करणाऱ्या होत्या नौदलातल्या तरुण मुली. त्यांतल्या बहुतेकींनी समुद्रावर लढाई पाहिलेली नव्हती. या खेळातून जर्मन पाणबुड्या प्रत्यक्ष कसा हल्ला करतात याचा उलगडा झाला आणि प्रतिकाराच्या नव्या चाली निघाल्या. पुढे पाणबुड्यांचे पक्के जाणकार ॲडमिरल हॉर्टन स्वतः खेळायला बसले आणि एका अशाच मुलीकडून वारंवार हरले, असे सांगतात. त्यांनी फासा उलटवला नाही. हजारो अधिकारी त्या फरशीवर शिकून समुद्रावर गेले.

आता पुन्हा आमच्या जेवणाच्या मेजाकडे येऊ. नातू सध्या असईची लढाई मांडतो आहे. वॉटर्लूच्या वेलिंग्टनची हीच ती लढाई. 23 सप्टेंबर 1803 रोजी, जालना जिल्ह्यात जाफराबादेच्या परिसरात, आर्थर वेलस्ली या नावाने तो शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आला. मी चाळीस वर्षे वर्गात ‘शिंद्यांच्या कवायती पलटणी उभ्या राहिल्या’ एवढ्या वाक्यावर ही लढाई उरकत आलो. नातवाने शिपायावर पांढऱ्या रंगाचे अस्तर दिले, कुंचला ओला केला आणि विचारले, “आजोबा, अंगरखा कुठल्या रंगाचा? पागोटे कसे बांधलेले?” मला सांगता येईना. लेखकाला शब्दाआड लपता येते, रंगवणाऱ्याला येत नाही. पागोट्याला काही ना काही रंग द्यावाच लागतो, आणि तो देण्यापूर्वी शोधावा लागतो. आम्ही दोघे ग्रंथालयात गेलो, चित्रे पाहिली, आणि एका पागोट्यापायी मी त्या लढाईविषयी चाळीस वर्षांत वाचले नव्हते इतके वाचले.

मग नदी मांडायची वेळ आली. वेलस्लीला वाटाड्यांनी सांगितले, पुढे उतार नाही. त्याने पाहिले, काठावर दोन गावे समोरासमोर आहेत. गावे अशी वसली आहेत तर मध्ये उतार असलाच पाहिजे, असा त्याने तर्क केला आणि तो खरा ठरला. पण शिंद्यांकडचा सेनानी पोलमन यानेही पलटणींचा मोहरा त्वरेने फिरवला. इतकी कवायत मराठ्यांना जमेल अशी वेलस्लीची अपेक्षा नव्हती. इंग्रज जिंकले, तथापि त्यांचे दीड हजारांवर लोक मेले वा जखमी झाले.

गेल्या रविवारी मेजावर ही लढाई झाली आणि शिंदे हरले. मी शिंद्यांच्या बाजूने होतो, हे सांगायला नको. शेवटच्या तोफेसाठी मला पाच हवे होते, फाशावर दोन पडले. मेजाला धक्का लागला होता, पुन्हा टाकावा, असे मी म्हणून पाहिले. नातू म्हणाला, “आजोबा, पडले ते पडले.”

मी गप्प बसलो. आपल्या इतिहासाशी आपण असेच वागत नाही काय? आपली बाजू जिंकली की तो पराक्रम, हरली की फितुरी. नऊचे तीन आपणही करतो, नको त्या जागचे शिपाई आपणही उचलतो. अशाने पूर्वजांचा मान वाढत नाही. ज्या लढाईत हार शक्यच नव्हती, तीत शौर्य ते कसले? फासा विरुद्ध पडू शकत होता आणि ते जाणून माणसे उभी राहिली, म्हणूनच ती मोठी.

युद्धाचा खेळ करणे हे मृतांची विटंबना नव्हे काय, असे मला काहींनी विचारले आहे. प्रश्न योग्य आहे. शिशाच्या शिपायाला रक्त नसते आणि त्याच्या घरी कोणी वाट पाहत नसते, हे जो विसरला त्याने हा खेळ खेळू नये. पण एकेक शिपाई तासभर हातात धरून, त्याच्या चेहऱ्यावर केसाएवढ्या कुंचल्याने डोळे काढणारा मुलगा ‘दीड हजार’ हा आकडा माझ्यासारखा सहज उच्चारीत नाही, हे मी पाहिले आहे.

येत्या दिवाळीत आमच्या दारापुढेही किल्ला होईल. मावळे नेहमीच्या जागी बसतील. आपल्या घरच्या किल्ल्यापाशीही एखादे पोर विचारील, “हा मावळा इथेच का उभा?” त्याला गप्प करू नका. त्याच्याबरोबर उत्तर शोधायला निघा. एवढीच विनंती.