नीरेचा नकार

चित्रपटाच्या धंद्यात ‘ड्रामा’ नावाचे एक मोठे खाते आहे. ज्यात पाठलाग नाहीत, भुतेखेते नाहीत, केवळ हसविण्याचा हेतू नाही, असे जे जे उरते ते ते या खात्यात जमा होते. या उरल्यासुरल्या मालाला आपल्याकडील लोकांनी मात्र प्रारंभापासून एक अर्थपूर्ण नाव दिले होते : सामाजिक चित्रपट. पौराणिकात मुकुट असत, ऐतिहासिकात पागोटी आणि तलवारी असत. आणि सामाजिकात पडद्यावरची माणसे प्रेक्षकांसारखेच कपडे घालून वावरत असत. हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. हरिश्चंद्राचे दुःख पाहून प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो. परंतु पडद्यावर आपलेच माजघर दिसू लागले म्हणजे घरी जाणे तितकेसे सोपे राहत नाही.

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला. त्यानंतर बारा वर्षे मुकुटांचे राज्य जवळजवळ निर्वेध चालले. १९२५ साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराने जमीन गिळलेला शेतकरी शहरात जाऊन गिरणीत मजूर होतो, एवढीच त्याची गोष्ट. कथा नारायण हरी आपट्यांची होती आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी या चित्रपटाचे म्हणावे तसे स्वागत केले नाही. त्याची प्रतही आज उपलब्ध नाही. परंतु आपटे आणि शांताराम ही दोन नावे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा एकत्र यावयाची आहेत.

मध्यंतरी पडदा बोलू लागला. १९३१ साली ‘आलम आरा’, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. बोलू लागलेल्या पडद्याने पहिली उसनवारी केली ती रंगभूमीकडून. नट तिकडचे, गाणी तिकडची, बोलण्याची धाटणीही तिकडचीच. ही उसनवारी नुसती सोयीची नव्हती, तिच्याबरोबर विषयही आले. मराठी रंगभूमीवर सामाजिक विषयाचा मानदंड म्हणजे देवलांचे ‘शारदा’. ते १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हाताऱ्या भुजंगनाथाला पैशासाठी दिली जाणारी कोवळी मुलगी सगळ्या महाराष्ट्राच्या जिवाला चटका लावून गेली. आता त्या नाटकाचा शेवट आठवून पाहा. लग्न मोडते, पण ते कशाने? वधूवर सगोत्र आहेत, हे ऐनवेळी उघडकीस येते म्हणून. पुढे शारदा नदीवर जीव द्यावयास जाते, कोदंड तिला वाचवितो आणि शंकराचार्यांच्या संमतीने दोघांचा विवाह होतो. म्हणजे शारदेची सुटका होते ती शास्त्राच्याच एका कलमाने आणि धर्मपीठाच्या अनुज्ञेने. देवलांना दोष देण्याचा हेतू नाही. ज्या प्रेक्षकांपुढे ते नाटक व्हावयाचे होते, त्यांना पटेल असा दुसरा दरवाजा त्या काळी नव्हता.

‘कुंकू’ १९३७ साली पडद्यावर आला. प्रभात कंपनी तोवर कोल्हापूरहून पुण्यास येऊन स्थिरावली होती. कथा पुन्हा नारायण हरी आपट्यांची, ‘न पटणारी गोष्ट’ या त्यांच्या कादंबरीवरून घेतलेली, दिग्दर्शक शांताराम. हिंदीत त्याचेच नाव ‘दुनिया न माने’ असे होते, आणि दोन्ही भाषांत नायिका शांता आपटे व वृद्ध नवरा केशवराव दाते हेच होते. त्यामुळे सदाशिव पेठेतला हा प्रश्न उत्तर हिंदुस्थानातल्या प्रेक्षकांपुढेही जसाच्या तसा गेला.

‘शारदा’मध्ये लग्न मोडते. ‘कुंकू’मध्ये लग्न लागते, आणि खरे नाट्य तेथून सुरू होते. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढलेली. मामा पैशाच्या लोभाने तिला काकासाहेब नावाच्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांची मुले नीरेहून लहान नाहीत. मंगळसूत्र गळ्यात पडल्यावर नीरा एकच गोष्ट करते : या माणसाची पत्नी म्हणून वागावयास ती नकार देते. ती पळून जात नाही, विहीर जवळ करीत नाही, आक्रोशही फारसा करीत नाही. त्याच घरात राहून ती नाही म्हणते, आणि ते नाही म्हणणे अडीच तास टिकवून धरते. काकासाहेबांचा मुलगा तिच्याशी आगळीक करू पाहतो तेव्हा छडीने त्याचा समाचार घेते.

हा नकार पडद्यावर दाखवावयाचा कसा? रंगभूमीवर अशा प्रसंगी नायिकेने लांब स्वगत म्हटले असते, आणि पहिल्या बोलपटांनी त्यामागे वाद्यमेळ लावला असता. शांतारामांनी ‘कुंकू’तून पार्श्वसंगीत काढूनच टाकले. घरातले आवाज तेवढे ठेवले. त्यांत मुख्य म्हणजे भिंतीवरच्या जुन्या घड्याळाची टिकटिक. ती टिकटिक काकासाहेबांचे वय मोजत असते, आणि नीरेचेही. मिशांना कलप लावणाऱ्या काकासाहेबांना फुटक्या आरशाच्या तुकड्यातुकड्यांत आपला चेहरा दिसतो, तेथे एक अक्षरही बोलले जात नाही. रंगभूमीच्या मांडीवर वाढलेल्या बोलपटाने येथे प्रथम गप्प बसण्याचे धाडस केले असे मला वाटते. केशवराव आणि संगीतकार केशवराव भोळे हे दोघेही नाट्यसृष्टीत मुरलेले कलावंत. ज्यांना बोलता आणि गाता येत होते, त्यांनीच थांबण्याचे पथ्य पाळावे, यातच त्याचे मोल आहे.

आणखी एक गोष्ट. देवलांचा भुजंगनाथ हास्यास्पद आहे. त्याला हसून प्रेक्षक मोकळा होतो. काकासाहेबांना हसता येत नाही. दात्यांनी त्यांना दुष्ट केले नाही, मूर्खही केले नाही. आपण केले ते कायद्याने आणि रूढीने मान्य असताना ते अन्याय कसे ठरते, हे त्या सुशिक्षित गृहस्थाला हळूहळू उमगत जाते. विधवा मुलगी सुशीला नीरेच्या बाजूने उभी राहते तेव्हा बापाची शेवटची ढाल गळते. (ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली. संततिनियमनाचे कार्य करणाऱ्या बाईंना तो प्रश्न वरवरचा नव्हता.)

पुष्कळ जाणत्या लोकांना या चित्रपटाचा शेवट खटकतो, आणि मलाही पूर्वी खटकत असे. काकासाहेब नीरेला मुलगी मानतात, तिने योग्य वराशी लग्न करावे असे पत्र लिहून ठेवतात आणि आत्महत्या करतात. एवढ्या निर्भय कथेने शेवटी म्हाताऱ्याचा बळी देऊन पेच सोडवावा, ही पळवाट नव्हे काय? परंतु त्या सालचा कायदा काढून पाहिला म्हणजे मत बदलावे लागते. शारदा कायदा १९२९ सालचा. त्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा वर्षांवर नेले. पण वर किती म्हातारा असावा यावर काही बंधन घातले नाही. घटस्फोटाचा कायदा सयाजीरावांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली झाला होता. पुण्यातील हिंदू पत्नीला मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्यापर्यंत, आणि साऱ्या देशातील स्त्रियांना १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. विधवेचा पुनर्विवाह मात्र १८५६ पासून कायदेशीर होता. तेव्हा १९३७ सालच्या नीरेला दुसरे लग्न करावयाचे तर कायद्याने उघडा असलेला दरवाजा एकच होता, आणि तो नवऱ्याच्या मरणातून जात होता. काकासाहेब वकील आहेत. त्यांना हे ठाऊक असणारच.

नीरा ही लेखकाच्या डोक्यातून निघालेली अचाट स्त्री होती, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. मोठेपणी त्यांनी दादाजी भिकाजी या नवऱ्याच्या घरी नांदावयास जाण्याचे नाकारले. खटला १८८४ पासून चालला. १८८७ साली न्यायालयाने नांदावयास जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा निर्णय दिला. तुरुंग पत्करीन, असे बाईंनी कळविले. १८८८ साली दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. नीरेच्या पन्नास वर्षे आधी हा नकार प्रत्यक्ष उच्चारला गेला होता. पडद्यावर येण्यास त्याला अर्धे शतक लागले.

यानंतर प्रभातने १९३९ साली ‘माणूस’ आणि १९४१ साली ‘शेजारी’ काढला. ‘देवदास’ने १९३५ साली प्रेमभंगात झिजून मरणारा नायक लोकप्रिय केला होता. ‘माणूस’मधला पोलीस शिपाई मात्र दुःख गिळून आपल्या कामावर परततो. दोन धर्मांच्या शेजाऱ्यांची दोस्ती सांगणाऱ्या ‘शेजारी’त मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली, तर हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, हिंदू शेजारी मजहर खान झाले. पुढे अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. सामाजिक चित्रपट आता घरोघरच्या मायेकडे वळला होता. कौटुंबिक, राजकीय, न्यायालयीन अशा त्याच्या शाखा पुढे फुटत गेल्या. ‘सामना’ १९७५ मधला. त्या सगळ्यांचा हिशेब येथे मांडीत नाही.

एका चित्रपटाचा मात्र उल्लेख केलाच पाहिजे. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ १९८२ साली आला. स्मिता पाटीलांची सुलभा सुखवस्तू घरातली, नवरा सज्जन म्हणावा असा. ती स्त्रियांच्या सुधारगृहात नोकरी करण्यासाठी घर सोडते, तेथील अंदाधुंदीशी झगडते, राजीनामा देऊन परतते, तो नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली. येथे नायिकेचा पेच सुटण्यासाठी कोणाला मरण्याची गरज उरलेली नाही. सुलभा पुन्हा निघते, आणि शेवटी ती आपल्याला आगगाडीत बसलेली दिसते.

प्रभात कंपनी १९५३ साली बंद पडली. तिच्याच आवारात १९६० साली चित्रपटविद्येची शासकीय संस्था सुरू झाली. ‘कुंकू’ आजही पाहावयास मिळतो. ज्यांना तो पाहण्याचा योग येईल त्यांनी गाण्यांच्या मधल्या जागा लक्ष देऊन ऐकाव्यात. तेथे ते घड्याळ चाललेले असते.